एका लिटरचे संधान : आसवारिष्टे आणि लहान बायोरिॲक्टर

काही वर्षांपूर्वी ऐन वैशाखात आमच्याकडील साठ लिटर पिप्पल्यासव बिघडले. महिन्याने पिंपाचे तोंड उघडले तेव्हा आसवाच्या मधुर-तीक्ष्ण गंधाऐवजी शिरक्याचा उग्र दर्प आला आणि थेंब जिभेवर ठेवताच दात आंबले. शास्त्रकारांच्या परिभाषेत बोलावयाचे तर आसव करता करता शुक्त सिद्ध झाले होते. गूळ व मनुका यांचा खर्च बुडाला तो बुडालाच. परंतु ग्रहणीच्या ज्या जुन्या रुग्णांना आम्ही 'अमावास्येनंतर आसव मिळेल' असे सांगून ठेवले होते त्यांची खंत अधिक वाटली. येवद्याहून एसटीने आलेल्या एका वृद्ध मावशींनी रिकामी बाटली पिशवीत परत ठेवली आणि त्या एवढेच म्हणाल्या, "साहेब, मंग आता कवा होईन तयार?" या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते, कारण बिघडले कशामुळे हेच आम्हांस ठाऊक नव्हते.

ज्यांच्या हाताखाली आम्ही औषधीनिर्माण शिकलो त्या गुरुजींनी एका वाक्यात निकाल दिला : "वऱ्हाडात वैशाखात संधान घालू नये." वाक्य अनुभवाचे होते आणि खरेही होते. परंतु का घालू नये, घालायचेच झाले तर काय सांभाळावे, आणि बिघाड उष्णतेचा की पाण्याचा की धायटीच्या जुन्या फुलांचा, हे त्यातून कळत नव्हते. साठ लिटरचे एक पिंप बिघडले तर त्यातून एकच गोष्ट कळते, ती म्हणजे पिंप बिघडले. कारण शोधावयाचे तर तेच संधान एकेक गोष्ट बदलून अनेक वेळा घालावे लागते आणि तितका गूळ कोणत्याही वैद्याच्या खिशाला परवडणारा नाही. या अडचणीतून आम्ही ज्या विषयाकडे वळलो तो म्हणजे लहान आकाराचे बायोरिॲक्टर.

बायोरिॲक्टर या शब्दाने बिचकून जाण्याचे कारण नाही. सजीव पेशींना, मग त्या यीस्टच्या असोत, जिवाणूंच्या असोत, वनस्पतींच्या वा प्राण्यांच्या असोत, त्यांना मानवेल अशा स्थितीत ठेवून त्यांच्याकडून हवे ते द्रव्य तयार करून घेण्याचे पात्र म्हणजे बायोरिॲक्टर. उष्णता, सामू, विरघळलेला प्राणवायू, ढवळण्याचा वेग आणि फेस या गोष्टींवर त्यात सतत लक्ष असते. आपले घृतलिप्त, धूपित आणि कापडमातीने संधिबंधन केलेले मृत्पात्र हे याच कुळातील आहे. धूपनाने पात्रातील उपद्रवी जंतू कमी होतात. घृतलेपाने मातीची छिद्रे बुजून द्रव पाझरत नाही. जमिनीत वा धान्यराशीत पुरल्याने उष्णता एकसारखी राहते. संधान चालू आहे की संपले हे पाहण्यासाठी आपण पात्राला कान लावतो, पेटती काडी तोंडाशी नेतो, निघणारा वायू चुन्याच्या निवळीत सोडून ती दुधाळ होते का हे पाहतो. आजच्या बायोरिॲक्टरच्या माथ्यावर बसविलेले यंत्र बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे मापन करते. काडी आणि निवळी त्याच वायूची साक्ष देतात. फरक इतकाच की यंत्र दर मिनिटाला आकडा लिहून ठेवते आणि आपण 'विझली' किंवा 'विझली नाही' एवढेच म्हणून कामाला लागतो.

या शास्त्राचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते : मोठ्या पात्रापर्यंतचा रस्ता लहान पात्रातूनच गेला आहे. १९४० च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी पेनिसिलिनसाठी बुरशी वाढविली ती रुग्णाच्या मलपात्रासारख्या उथळ भांड्यांत, कारण ही बुरशी द्रवाच्या पृष्ठभागावर, हवेच्या सान्निध्यात वाढत असे. भांडी शेकडो लावली तरी औषध मूठभर. पुढे अमेरिकेत, पिओरिया येथील प्रयोगशाळेच्या साहाय्याने, बुरशीला खोल टाकीत, हवा खेळवून आणि द्रव ढवळून वाढविण्याचे तंत्र बसविले गेले आणि १९४४ मध्ये पेनिसिलिन मोठ्या प्रमाणावर निघू लागले. लहान चंबूत हवा आपोआप मिळते. हजारो लिटरच्या टाकीत ती तळापर्यंत पोचवावी लागते. पात्र मोठे झाले की प्रश्नच बदलतो, हे तेव्हापासून या शास्त्राचे पहिले सूत्र ठरले.

महाराष्ट्राला हे सूत्र नवे नाही. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. तेथील संशोधकांना मातीतील ज्या सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीनाशक मिळाले त्याचे नावच 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' असे ठेवले गेले. एका गावाचे नाव जंतूला मिळण्याचा हा मान विरळाच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उद्योगोपयोगी सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि तेथून शुद्ध यीस्ट मागविता येते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसावे. २०२१ मध्ये ज्या कोविशील्ड लसीसाठी आपण सर्व रांगेत उभे राहिलो तीही पुण्यात, बायोरिॲक्टरमध्ये वाढविलेल्या पेशींतूनच तयार झाली.

आज कोणत्याही मोठ्या प्रक्रियेची आखणी होते ती अवघ्या १० ते १५ मिलिलिटरच्या छोट्या पात्रांत. अशी २४ वा ४८ पात्रे एका यंत्रात शेजारी शेजारी बसविलेली असतात. एकात सामू थोडा अधिक, दुसऱ्यात साखर थोडी कमी, तिसऱ्यात दोन अंश उष्णता वाढविलेली. चार दिवसांत जे कळते ते मोठ्या टाकीत कळावयास वर्ष लागले असते. त्यातून निवडलेल्या गोष्टी पाव लिटरच्या पात्रात, मग दोन-पाच लिटरच्या काचपात्रात पडताळून पाहतात आणि त्यानंतरच पुढे जातात. ही यंत्रे अर्थातच आपल्या आवाक्यातील नाहीत. परंतु त्यांच्यामागील युक्ती, म्हणजे अनेक लहान पात्रे, प्रत्येकात एकच फरक आणि रोजची नोंद, ही यंत्रावर अवलंबून नाही.

आमच्या बारा बरण्या

युक्ती कळल्यावर आम्ही दीड लिटरच्या बारा काचेच्या बरण्या आणल्या. पिप्पल्यासवाचा पाठ शार्ङ्गधरसंहितेतील. त्यात दोन द्रोण जल, तीन तुला गूळ, दहा पल धायटी, साठ पल द्राक्षा आणि प्रक्षेपद्रव्ये प्रत्येकी अर्धा पल. (ज्या पिंपळीच्या नावाने हे आसव ओळखले जाते तीही त्यात अर्धा पलच! अंजनगाव-अकोटकडील पानपिंपळीच्या मळ्यांतून निवडून आणलेली उत्तम पिंपळी असली तरी साठ लिटरला ती २४ ग्रॅमच लागते.) पल ४८ ग्रॅमचे धरून आणि साठाव्या हिश्शाने आम्ही प्रत्येक बरणीत ८२० मिलिलिटर पाणी, २४० ग्रॅम गूळ, ४८ ग्रॅम मनुका, ८ ग्रॅम धायटी व प्रक्षेपद्रव्ये ०.४ ग्रॅमप्रमाणे घातली. बरणीचा सुमारे एक-तृतीयांश भाग रिकामा ठेवला. झाकणातून सलाईनची नळी काढून तिचे दुसरे टोक चुन्याच्या निवळीत बुडविले, म्हणजे आतला वायू बाहेर येईल, बाहेरची हवा मात्र आत जाणार नाही.

येथे एक प्रश्न सोडवावा लागला आणि तो या जर्नलच्या वाचकांना जिव्हाळ्याचा वाटेल. द्रवद्वैगुण्याची परिभाषा येथे लावावी की लावू नये? न लावल्यास दोन द्रोण म्हणजे सुमारे साडेचोवीस लिटर पाण्यात १४.४ किलो गूळ येतो. मनुका धरून साखरेचे प्रमाण एकूण द्रवाच्या चाळीस टक्क्यांच्या घरात जाते. लावल्यास पाणी सुमारे ४९ लिटर होते आणि साखर पंचवीस टक्क्यांच्या आत राहते. मोरावळा आंबत नाही तो साखरेच्या आधिक्यामुळेच. दाट पाकात यीस्टच्या पेशीतील पाणीच बाहेर ओढले जाते आणि ती निश्चेष्ट होते. चाळीस टक्क्यांत यीस्टची हीच गत होऊ लागते, पंचवीस टक्क्यांत ते नेटाने काम करते. शास्त्रकारांनी परिभाषा कोणत्या हेतूने केली याविषयी मतांतरे असू शकतील, परंतु संधानाच्या बाबतीत द्वैगुण्य न मानणाऱ्याला यीस्ट साथ देत नाही, असे आमचे मत झाले आहे. आम्ही द्वैगुण्य धरले.

बारा बरण्यांचे चार गट केले. तीन पत्र्याच्या खोलीत ठेवल्या, जेथे वैशाखातले साठ लिटर बिघडले होते. तीन खालच्या खोलीत लाकडी खोक्यात कुटार भरून त्यात पुरल्या. आणखी तीन तशाच कुटारात, परंतु पाणी विहिरीचे. शेवटच्या तीनही कुटारात, परंतु धायटीविना. विहिरीखेरीज इतर सर्व बरण्यांत शहानूर धरणाचे नळाचे पाणी होते. आमचा दर्यापूर तालुका पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात मोडतो हे वऱ्हाडातील वाचकांना सांगावयास नको. क्वाथात असो की आसवात, येथे पाण्याचा विचार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. सकाळी व दुपारी तीनला उष्णता पाहावी, दर दोन दिवसांनी नळीतून पिचकारीने थोडा द्रव काढून हायड्रोमीटरने घनता आणि कागदी पट्टीने सामू पाहावा, असा क्रम ठेवला.

पत्र्याखालील बरण्यांत पहाटे २८ आणि दुपारी ४१ अंश अशी उष्णता भरली. पहिले दोन दिवस निवळीत बुडबुड्यांची गर्दी झाली. आम्हांस वाटले हेच संधान उत्तम. चौथ्या दिवशी बुडबुडे थांबले. घनता अर्ध्यावर अडकली आणि पुढे पंधरवड्यात आंबटपणा वाढत गेला. कुटारातील बरण्या ३० ते ३२ अंशांत राहिल्या. त्यांची सुरुवात मंद होती, परंतु विसाव्या दिवसापर्यंत एकसारखे बुडबुडे येत राहिले आणि आसव उतरले ते स्वच्छ. यीस्टला साधारण २८ ते ३२ अंश मानवतात. चाळिशीत ते आरंभी धावते, परंतु मद्यार्क साठू लागताच उष्णता आणि मद्यार्क असा दुहेरी मार सोसत नाही. मग मागे राहिलेल्या साखरेवर उष्णता सोसणारे जिवाणू ताव मारतात.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. या बरण्यांचा आंबटपणा ताकासारखा होता, पिंपाचा शिरक्यासारखा. बरणीत हवा नव्हती, म्हणून तेथे दुग्धाम्ल करणारे जिवाणू वाढले असावेत. पिंपावरील कापडमाती मात्र उन्हाने तडकली होती, हे आम्हांस तेव्हा आठवले. शिरक्याचे जिवाणू हवेवाचून काम करीत नाहीत. म्हणजे त्या वैशाखात बिघाड एक नव्हता, दोन होते आणि 'उष्णतेने आंबले' या एका शब्दात आम्ही ते गुंडाळून ठेवले होते.

विहिरीच्या पाण्याच्या बरण्यांत सामू आरंभी चढा होता, संधान उशिरा सुरू झाले आणि तीनपैकी एक आंबली. धायटीविना ठेवलेल्या बरण्यांनी आम्हांस अधिक विचारात पाडले. धायटीच्या फुलांतून यीस्ट येते असे आम्ही महाविद्यालयात शिकलो आणि विद्यार्थ्यांनाही तसेच सांगत आलो. त्या न्यायाने या बरण्या निपचित पडून राहावयास हव्या होत्या. परंतु दोन दिवस उशिरा का होईना, संधान त्यांतही सुरू झाले. मात्र ते लवकर मंदावले आणि घनता तितकी उतरली नाही. पुढे वाचनात आले की नेदरलँडमधील उट्रेख्ट येथील संशोधकांनी १९९३ मध्ये निंबारिष्टावरील अभ्यासात हेच नोंदविले होते : यीस्टचा उगम धायटी नव्हे, तरीही धायटी असलेल्या अरिष्टात मद्यार्क पुष्कळ अधिक होतो आणि फुलांत उसाच्या साखरेचे विघटन करणारे इन्व्हर्टेज हे विकर असते. शिवाय त्या अरिष्टाचा रोगप्रतिकारशक्तीवरील वाढीव परिणामही बहुधा फुलांतील द्रव्यांमुळेच होता. मग यीस्ट कोठून येते? मनुकांच्या सालीवरून, गुळातून, पात्राच्या भिंतीवरून, असा आमचा तर्क आहे. प्रत्येक गटात तीनच बरण्या होत्या. तीन बरण्यांनी सिद्धांत होत नाही, हे आम्ही जाणून आहोत. परंतु मेळघाटातून येणारी धायटी जुनी निघाली तर संधान सुरू होईल पण पुरे होणार नाही, एवढी सावधगिरी आता बाळगतो.

बरणी आणि पिंप

यानंतर आमच्याकडून जी चूक झाली ती सांगितल्यावाचून हा लेख अपुरा राहील. बरण्यांच्या यशाने हुरूप येऊन पुढच्या चैत्रात आम्ही साठ लिटरचे पिंप तशाच कुटारात पुरले. सहाव्या दिवशी मध्यभागी उष्णतामापक सोडला तर ३९ अंश! खोलीत तेव्हा ३३ होते. उष्णता बाहेरून आलीच नव्हती, संधानाने स्वतः निर्माण केली होती. साखरेचा मद्यार्क होताना दर ग्रॅमला सुमारे अर्धा किलोज्यूल उष्णता निघते. लिटरमागे दीडशे ग्रॅम साखर खपली आणि उष्णता बाहेर पडूच दिली नाही, तर द्रव वीस अंशांनी तापेल. एका लिटरच्या बरणीला ती टाकावयास भरपूर पृष्ठभाग मिळतो. साठ लिटरच्या पिंपाला लिटरमागे त्याच्या सुमारे एक-चतुर्थांश पृष्ठभाग मिळतो, आणि त्यावर आम्ही कुटाराची गोधडी पांघरली होती! जे कुटार बरणीला छत्रासारखे होते ते पिंपाला तापात पांघरूण घातल्यासारखे झाले. कुटार उपसून, ओले गोणपाट गुंडाळून आणि रात्रंदिवस त्यावर पाणी शिंपडून ते आसव कसेबसे वाचविले.

कारखानदार यासाठी उलटी युक्ती करतात. मोठ्या टाकीत प्रत्यक्ष जे घडते त्याची नोंद घेऊन तीच उष्णता, तोच ताण लहान पात्राला मुद्दाम देतात आणि मग त्यावर उपाय शोधतात. आम्हीही पिंपाच्या उष्णतेचा तक्ता समोर ठेवून तीन बरण्या कोमट पाण्याच्या टपात तशाच तापविल्या. त्यांचे बुडबुडे पत्र्याखालच्या बरण्यांसारखेच लवकर थंडावले. उपाय साधा निघाला. एका पिंपाऐवजी पंधरा लिटरचे चार माठ, आणि तेही कुटारात नव्हे तर खालच्या खोलीच्या जमिनीत कमरेइतक्या खोल खड्ड्यात. वर कितीही ऊन असो, तितक्या खोलीवर उष्णता दिवसा-रात्री फारशी हलत नाही आणि दमट माती उष्णता शोषून घेते. धान्यराशी आणि भूमी यांत ग्रंथकारांनी भेद का केला असावा, याचे एक उत्तर आम्हांस त्या खड्ड्यात मिळाले.

आपल्या स्वतःच्या रुग्णांपुरते औषध करणाऱ्या वैद्याला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याने परवान्यातून सूट दिली आहे आणि २००० मध्ये आलेल्या अनुसूची 'टी'च्या उत्तम निर्माणपद्धतीच्या नियमांतूनही. ही सूट आम्ही विश्वास मानतो. नोंदवही ठेवण्यातून ती सूट देते, असे मात्र आम्हांस वाटत नाही.

बायोरिॲक्टरचा दुसरा उपयोग आपल्या द्रव्यगुणाच्या अंगणात येऊन ठेपला आहे. वनस्पतीच्या पेशी पात्रात वाढवून शिकोनिन हे द्रव्य जपानमध्ये १९८३ पासून तयार होऊ लागले; कर्करोगावरील पॅक्लिटॅक्सेलही आता झाडाची साल न काढता पेशीसंवर्धनाने मिळते. आपल्या सह्याद्रीतील नरक्याची कथा याच जातीची आहे. त्यात कॅम्पटोथेसिन असल्याचे १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे त्या झाडावर कुऱ्हाड चालली. असे एखादे विशिष्ट द्रव्य पात्रात होत असेल तर झाड वाचेल, याचे आम्ही स्वागतच करू. दशमुळातील बृहत्पंचमुळासाठी वृक्षांची मुळे खणली जातात हे दुःखही मोठे आहे आणि मुळांचे संवर्धन पात्रात करण्याचे प्रयोगही होत आहेत. परंतु जमीन, ऋतू आणि वय यांचा संस्कार न झालेले मूळ रस-वीर्य-विपाकाने तेच द्रव्य मानावे काय? आमचे मन तूर्त 'नाही' म्हणते. रासायनिक तक्ता जुळला म्हणून आम्ही ते दशमुळात घालणार नाही. परंतु हा निर्णय सवयीने न होता रुग्णांवरील पद्धतशीर तुलनेने व्हावा, आणि ती तुलना वैद्यांनीच करावी.

सध्या खालच्या खोलीत पुन्हा बारा बरण्या मांडल्या आहेत. सहांत नेहमीप्रमाणे गूळ-मनुकांवरच भिस्त आहे. सहांत पाणी उकळून निववून घेतले आणि मागील उत्तम आसवाच्या तळाचा गाळ चमचाभर विरजणासारखा घातला आहे. गाळ घातलेल्यांत पहिल्याच रात्री निवळी दुधाळ झाली, इतरांत तिसऱ्या दिवशी. चव एकच उतरते की नाही, हे बरण्या उघडल्यावर कळेल. वैद्यबंधू-भगिनींपैकी ज्यांनी आपल्या गावी संधान घालताना पाणी, महिना आणि पात्रातील उष्णता टिपून ठेवली असेल त्यांनी त्या नोंदी, बिघडलेल्या संधानांच्यासुद्धा, संपादकांकडे अवश्य पाठवाव्यात. येवद्याच्या मावशींना आम्ही या खेपेस महिना सांगितलेला नाही. माठ उघडला की निरोप पाठवू, असे सांगितले आहे.